ईश्वर, ख्रिस्ती धर्मग्रंथांतील

बायबलच्या जुन्या व नव्या करारांतून व्यक्त होणारे ईश्वराचे स्वरूप व गुणधर्म. बायबलमध्ये ईश्वराची काटेकोर व्याख्या आढळत नाही आणि त्याचे अस्तित्व तर्काने सिद्ध करण्याचा खटाटोपही नाही. तो काय करतो, यावरून तो कसा आहे हे जाणावे, अशी या ग्रंथांची रीत आहे. म्हणूनच भाषांतरात त्याच्यासाठी कोणते शब्द योजले जातात, यास विशेष महत्त्व येते.

हिब्रू भाषेतील ‘एलोहीम’ हे सामान्यनाम रूपाने बहुवचनी असले, तरी इस्राएलच्या ईश्वरासाठी ते एकवचनी क्रियापदासह येते. दुसरे नाव य-ह-व-ह या चार व्यंजनांचे असून ते विशेषनाम आहे. ‘निर्गम’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा संबंध ‘असणे’ या क्रियापदाशी जोडला आहे. ज्यू लोक आदराने त्याचा उच्चार टाळून ‘अदोनाय’ (प्रभू) असे वाचतात. प्रचलित मराठी बायबलात एलोहीमसाठी ‘देव’ व चार अक्षरी नावासाठी ‘परमेश्वर’ हे शब्द आहेत. ही योजना सुबोध खरी. परंतु मुळातील विशेषनाम मराठीत पदवीवाचक होते आणि नाव सांगून ओळख देणारा ईश्वर ही कल्पना वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही.

खानदेशात हा प्रश्न अधिक ठळक होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व खानदेशात भुसावळ परिसरात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे, तर पश्चिम खानदेशात नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य होते. धुळ्याची एकवीरा, श्रावणातील कानबाई, सातपुड्यातील भिल्ल समाजाची याहामोगी अशा दैवतांच्या प्रदेशात ‘देव’ हा शब्द अनेकांना लागू पडतो. पहिल्या आज्ञेत निषिद्ध ठरविलेल्या इतर देवांसाठीही मराठी बायबलात हाच शब्द आहे. तेव्हा एकमेवत्वाचा अर्थ शब्दातून नव्हे, तर संदर्भातूनच कळतो.

सगुण-निर्गुण ही आपली परिचित विभागणीही येथे नीट बसत नाही. हा ईश्वर बोलतो, कोपतो, क्षमा करतो, म्हणजे सगुण आहे. पण त्याची मूर्ती करण्यास मनाई आहे. ‘कादोश’ या हिब्रू शब्दाचे भाषांतर ‘पवित्र’ असे होते. त्यात सोवळ्यापेक्षा वेगळेपणाचा, सर्व सृष्टीहून भिन्न असण्याचा अर्थ प्रधान आहे. ‘हेसेद’ हा शब्द त्याहून अवघड. ‘दया’ वा ‘कृपा’ म्हटले, की वरच्याने खालच्यावर केलेला उपकार सुचतो. मुळात मात्र कराराने बांधलेल्या दोघांतील न ढळणारी निष्ठा त्यात आहे. न्याय व क्षमा हे दोन्ही गुण ‘निर्गम’च्या चौतिसाव्या अध्यायात एकत्रच सांगितले आहेत.

या गुणांची खरी कसोटी ‘ईयोब’ या ग्रंथात लागते. दुःख हे पापाचेच फळ होय, असे ईयोबाचे मित्र आग्रहाने सांगतात. निर्दोष ईयोब ते नाकारतो आणि ईश्वरालाच जाब विचारतो. अखेर ईश्वर वावटळीतून बोलतो, सृष्टीची अफाटता दाखवितो. मात्र दुःखाचे कारण सांगत नाही. तथापि तो दोष देतो मित्रांना, ईयोबाला बरोबर ठरवितो. ईश्वराच्या बाजूने बोलणाऱ्यांनाच चूक ठरविणारा हा प्रसंग भाविकांनी सोयीने वगळावा असा नाही.

नव्या करारात येशू ईश्वरास ‘अब्बा’ या घरगुती अरामी शब्दाने हाक मारतो. ईश्वर आत्मा आहे, हे योहानाच्या शुभवर्तमानात व तो प्रीती आहे, हे योहानाच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या ऐक्याचा, म्हणजे त्रैक्याचा, सिद्धांत या ग्रंथांच्या आधारे नायसीया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांत निश्चित झाला; ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही. त्रिमूर्तीशी त्याची तुलना वरवरची होय, कारण येथे तीन कार्ये तीन देवांत विभागलेली नाहीत.

मराठीत फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण (१६१६) हा या विषयावरील आद्य महत्त्वाचा ग्रंथ. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ भाषांवरून सामान्यांना कळेल असे संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आपल्या अभंगांतून ख्रिस्ताला माउली म्हटले. हे धाडस संतपरंपरेतून आले असले, तरी त्यास शास्त्राधार आहे. ‘यशया’च्या सहासष्टाव्या अध्यायात ईश्वराचे सांत्वन आईच्या सांत्वनासारखे वर्णिले आहे.