तेलाच्या डब्यावरचे दोन आकडे

इंजिन ऑईलच्या डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असे छापलेले असते. ते वाचून अनेकांची समजूत होते, की हे तेल थंडीत १५ आणि तापल्यावर ४० इतके दाट असते. म्हणजे तापले की दाट होते! असे वंगण अस्तित्वात नाही. हेच तेल ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना चौदा-पंधरावर येते. पाठ्यपुस्तके या गुणाला श्यानता म्हणतात. गॅरेजात ‘ग्रेड’ एवढ्यावर भागते.

घोटाळा होतो, कारण हे दोन आकडे एका मोजपट्टीवरचे नाहीत. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ साली वंगणांची प्रतवारी सुरू केली. तिच्या आजच्या रूपात डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यू तेल उणे २० अंशांना इंजिन फिरू देते आणि उणे २५ला पंपाला ओढता येते. ०डब्ल्यूसाठी हीच तापमाने उणे ३५ आणि उणे ४० आहेत. मागचा ४० हा आकडा मात्र १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक हा पट्टा सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५, २० म्हणजे ६.९ ते ९.३. दोन्ही कसोट्यांना एकच तेल उतरावे म्हणून पातळ तेलात लांबलचक रेणूंची बहुवारिके मिसळतात. थंडीत ती आकसून पडतात, तापल्यावर पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत.

दाटपणाचे एवढे महत्त्व का, हे इंग्लंडमध्ये १८८३च्या सुमारास बोशँप टॉवर यांच्या प्रयोगात अनपेक्षितपणे दिसले. रेल्वेच्या आसांसाठी बेअरिंग तपासताना त्यांनी वरच्या भागाला तेल सोडण्यासाठी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. भोकाला बूच मारले, ते निघाले; लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग दाबमापक लावले, तर चौरस इंचाला २०० पौंडांची त्याची मर्यादाही पुरेना. फिरता आस तेलाला निमुळत्या फटीत ओढत होता आणि त्या दाबावर स्वतःच तरंगत होता! ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली याचे गणित मांडले. वेग आणि दाटपणा वाढला की तेलाचा पापुद्रा जाड होतो, भार वाढला की पातळ होतो. क्रँकशाफ्ट आजही असाच तरंगतो.

मग जाडच तेल घालावे, हा सल्ला वरवर बिनतोड वाटतो. ‘आपल्याकडे उकाडा फार, पातळ तेल टिकायचे नाही’ हे वाक्य गॅरेजात हमखास ऐकू येते. पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. नागपूरच्या ४५ अंशांत काय किंवा महाबळेश्वरात काय, गरम झालेल्या इंजिनातले तेल शंभराच्या आसपासच राहते. हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलींची गोष्ट वेगळी; भरलेली गाडी घाट चढते तेव्हाचीही. ०डब्ल्यू-२०साठी बांधलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले, तर घर्षण वाढून पेट्रोल जास्त जळते, सकाळी सेल्फ मारल्यावर तेल वर पोहोचायला वेळ लागतो आणि व्हॉल्व्हची वेळ तेलाच्या दाबाने बदलणारी यंत्रणा मंदावते. उलट चूक अधिक महाग पडते: जुन्या, ४०च्या इंजिनात २० घातले, तर भाराखाली पापुद्रा फाटून धातूला धातू लागू शकतो.

आपल्या हवेत डब्ल्यूआधीच्या आकड्यापेक्षा मागच्या आकड्याकडे अधिक बघावे, असे मला वाटते. तो गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. तीत तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिल्या असतील आणि झिजलेले इंजिन तेल पिऊ लागले असेल, तर त्यांतली जाड ग्रेड घेण्यास हरकत नाही.

डब्यावरचा आकडा मात्र नव्या तेलाचा असतो. वापरात बहुवारिके तुटतात. रोज दोन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि ४०चे तेल ३०च्या पट्ट्यात घसरू शकते. डिझेल इंजिनात काजळी साचून नेमके उलटे, तेल घट्टही होते.