दाबोळीचे ‘व्हाइट टायगर्स’: नौदलाचं ३०० क्रमांकाचं स्क्वाड्रन

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे एक समजूत हमखास ऐकू येते: विक्रांतवरच्या विमानांनी दाबोळीवर बॉम्ब टाकले. तसं झालेलं नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीची धावपट्टी फोडली ती पुण्याहून आलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी. विक्रांत त्या वेळी समुद्रात गस्तीवर होती, पण तिच्या विमानांनी गोव्यावर हल्ला केला नाही. मौज म्हणजे ज्या विमानांचं नाव आपण उगाच त्या दिवसाशी जोडतो, तीच पुढे त्या धावपट्टीवर कायमची राहायला आली.

ही विमानं म्हणजे सी हॉक आणि त्यांचं पथक म्हणजे ३०० क्रमांकाचं नौदल हवाई स्क्वाड्रन, ‘व्हाइट टायगर्स’. पथकाचा जन्म भारतात झालाच नाही. ७ जुलै १९६० रोजी वेल्समधल्या ब्रॉडी इथल्या ब्रिटिश नौदलाच्या तळावर ते उभं राहिलं. पहिले प्रमुख लेफ्टनंट कमांडर बी. आर. आचार्य. विक्रांत तेव्हा बेलफास्टच्या गोदीत तयार होत होती. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ ला तिच्यावर पहिलं जेट उतरवलं लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी. हेच पुढे नौदलप्रमुख झाले.

सी हॉक हे एका माणसाचं, एका इंजिनाचं विमान. त्याची एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. साधारणपणे जेटचा धूर शेपटीतून बाहेर पडतो. इथे नळीला दोन फाटे फोडून धूर पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढला, म्हणून मागच्या पोटात तेलाची टाकी बसली. पंख ३९ फुटांचे, पण दुमडले की १३ फुटांच्या आसपास, कारण जहाजाच्या पोटात जागा मोजकीच.

आता मुद्द्याचा प्रश्न: जहाजाचं पथक दाबोळीला कशाला? पुष्कळांना वाटतं विमानं सदैव जहाजावरच असतात. पण अशी विमानं उडवायला जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात पळावं लागतं. जहाजाचा वेग अधिक समोरचा वारा, एवढं विमानाला फुकट मिळतं. उरलेला वेग वाफेवर चालणारं कॅटापल्ट देतं, गलोलीतून खडा सुटावा तसं. बंदरात नांगर टाकलेल्या जहाजावरून हे जमत नाही. म्हणून बंदरात शिरण्याआधीच विमानं उडवून किनाऱ्यावर पाठवायची, आणि त्यासाठी समुद्राला लागून मोठी धावपट्टी हवी. दाबोळीचं पठार नेमकं तसं, पश्चिम किनाऱ्याच्या मध्यावर. १९६२ मध्ये विमानतळ नौदलाकडे आला आणि १९६४ मध्ये कोइमतूरजवळच्या सुलूरहून ‘हंसा’ हा तळ इथे हलला. मुलकी विमानांच्या वेळांवरून आपल्याकडे इतकी वर्षं जी कुरकुर चालली तिचं मूळ इथे आहे. कुरकुर खोटी नव्हती, पण नौदलाची गरजही खोटी नव्हती.

१९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीला गोदीत होती. त्यामुळे १९७१ मध्ये नौदलात एक सल होता: एवढी खर्चाची बोट, कामाला येणार की नाही? त्यात नेमकं बॉयलरनं दगा दिला. चारपैकी एकाला भेगा पडल्या, आणि तिघांवर जहाज साधारण १६ नॉट जेमतेम गाठणार. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण वरचं गणित आठवा. त्याच बॉयलरांची वाफ जहाजही ढकलते आणि कॅटापल्टही ओढते. त्यातून हिवाळ्यात बंगालच्या उपसागरात वारा मंद. समोरून वारा कमी मिळाला की तेल कमी भरायचं किंवा बॉम्ब कमी न्यायचे, तिसरा मार्ग नाही. पश्चिमेला कराचीच्या बाजूला शत्रूची जेट विमानं आणि पाणबुड्या अधिक. अशा पंगू जहाजाला तिथे धोका मोठा. म्हणून विक्रांत पूर्वेला गेली, आणि कप्तान स्वराज प्रकाश यांनी त्याच अवस्थेत ती लढवली.

४ डिसेंबरच्या सकाळी किनाऱ्यापासून सुमारे ६० सागरी मैलांवरून ८ सी हॉक सुटली आणि कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला झाला. दुपारी चितगाव. पथकाचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता. विक्रांतच्या शोधात निघालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती. पुढच्या दिवसांत सी हॉक आणि ३१० स्क्वाड्रनची अलिझे विमानं यांनी बंदरं आणि जहाजं यांच्यावर मारा चालूच ठेवला. पूर्व पाकिस्तानला समुद्रातून रसद येण्याची वाट बंद झाली. माझ्या मते पथकाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा काळ, आणि त्यातलं निम्मं श्रेय खाली तापलेल्या बॉयलरखोलीत घाम गाळणाऱ्यांचं. त्यांची नावं समारंभात कोणी घेत नाही.

सी हॉकनंतर आलेल्या विमानानं हे गणितच बदललं. १६ डिसेंबर १९८३ ला पहिली ३ सी हॅरियर दाबोळीत उतरली. नव्या विमानावर पथक उभं केलं अरुण प्रकाश यांनी, तेही पुढे नौदलप्रमुख. हॅरियर सरळ खाली उतरतं, आणि उडताना डेकच्या टोकाला वर वळलेली चढण असली की कॅटापल्ट नको. विक्रांतवर अशी चढण नंतर बसवली. १९८७ मध्ये आलेल्या विराटवर ती आधीपासूनच होती. वास्कोतल्या एका पिढीला हवेत थबकणारं ते विमान आणि त्याचा कान बधिर करणारा आवाज चांगला आठवत असेल.

हॅरियर ११ मे २०१६ ला हंसावरच निवृत्त झाली आणि पथकाकडे मिग-२९के आली. हे विमान चढणीवरून उडतं, पण उतरताना मात्र शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकवून थांबतं, म्हणजे सी हॉकच्या काळातली तार परत आली. तिचा सराव समुद्रात जाण्याआधी जमिनीवर करता यावा म्हणून दाबोळीच्या पठारावर चढण आणि तारा असलेला डेकचा नमुना बांधला आहे. जुनी सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर बघायची असतील तर बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ पासून सगळ्यांना खुलं आहे. सी हॉकजवळ उभं राहून पंखाच्या मुळाशी बघा, धुराचं तोंड तिथेच दिसेल.