कोठीतला झेंडू

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की घाट लागायच्या आधी तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडची आणि कर्नाटकातली हजारो माणसं याच रस्त्याने पायी भवानीच्या दर्शनाला जातात. या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या परसात डोकावलं तर एक वस्तू अजून दिसते: भिंतीला टेकून उभी, चार फूट उंचीची पत्र्याची कोठी. बऱ्याचदा रिकामी.

या भागात ज्वारी आधी पेवात राहायची, मग कणगीत, नंतर जस्ताच्या पत्र्याच्या कोठीत आली. उंदीर आणि ओल या दोन्ही शत्रूंना पत्र्याने अडवलं. पुढे खरिपात सोयाबीन आलं आणि ते थेट आडतीला जाऊ लागलं. रब्बीची ज्वारी थोडी घरापुरती उरली. कोठ्या मोकळ्या झाल्या आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढू लागल्या. माझं सांगणं एवढंच आहे की त्या देऊ नका. अंगणात ठेवा आणि त्यात माती भरा. अमेरिकेत जनावरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या टाक्या लोक हौसेने विकत घेऊन त्यात फुलझाडं लावतात. आपल्याकडे तर ती वस्तू दारातच पडून आहे.

हा पत्रा इतकी वर्षं टिकतो कसा, ते समजलं की त्याला वापरायचं कसं हेही कळतं. साधारण 450 अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात लोखंडी पत्रा बुडवून काढतात. फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या माणसाने 1837 साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. 120 ग्रॅम लेपाच्या पत्र्यावर प्रत्येक बाजूला जस्ताचा थर जेमतेम 8 मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. तरी पत्र्यावर ओरखडा पडला, भोक पाडलं, तर उघड्या पडलेल्या लोखंडाऐवजी शेजारचं जस्त आधी झिजतं. स्वतः झिजून ते लोखंडाला राखतं. म्हणून खिळ्याने पाडलेल्या भोकाच्या कडा लगेच गंजत नाहीत.

जस्ताला आंबट सोसत नाही. ताक, चिंच, लिंबू त्याला खातात आणि जस्त त्यात उतरतं. म्हणून अशा भांड्यात ताक ठेवत नाहीत. मग झाडाच्या मातीत ते उतरणार नाही का, अशी शंका रास्त आहे. आपली काळी माती चुनखडीची, विम्ल. अशा मातीत जस्त फारसं विरघळत नाही. उलट मराठवाड्याच्या शेतकऱ्याला उसाला, सोयाबीनला झिंक सल्फेट वेगळं द्यावं लागतं. तेव्हा शेतातली माती आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या कोठीत मेथी, मिरची, वांगी निर्धास्त लावा. फक्त उरलेलं ताक त्या झाडांना घालू नका.

कोठी अख्खी वापरायची नाही, मधोमध कापायची. पत्रा कापायच्या कात्रीने गोल कापली की दोन वाफे होतात. खालच्या अर्ध्याला बूड असतं आणि धान्य काढायचं तोंडही. त्या तोंडाला जाळीचा तुकडा लावला की जादा पाणी आपोआप बाहेर पडतं. बुडाला खिळ्याने आठ-दहा भोकं पाडावीत, तीही आतून बाहेर ठोकून, म्हणजे उचललेली कड पाण्याला आडवी येत नाही. वरचा अर्धा बिनबुडाचा, तो थेट जमिनीवर ठेवायचा; कढीपत्त्याची मुळं खाली हवी तितकी जातील. कापलेली कड सुरीसारखी असते. जुनी ठिबकची नळी लांबीत चिरून त्या कडेवर बसवली की लेकरांचे हात वाचतात.

नुसती काळी माती भरली तर ती सुकल्यावर दगड होते आणि कडेने भेगाळते. एक घमेलं माती, एक घमेलं शेणखत, अर्धं घमेलं वाळू, एवढं पुरे.

खरी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दुपारच्या पत्र्याला हात लावून पाहा. मराठवाड्यातल्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले, त्यांना हे सांगायची गरज नाही. असा तापलेला पत्रा कोठीतल्या मुळांना शिजवतो. उपाय सोपे आहेत. आतल्या अंगाने गोणपाटाचे दोन पदर लावावेत. भांडं घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवावं, बुडाचं असेल तर विटांवर. वर सोयाबीनच्या भुश्याचं किंवा पाचटाचं आच्छादन घालावं. पाणी संध्याकाळी, धुण्या-भांड्यांचं साबण नसलेलं. बाहेरून पांढरा रंग द्यायचा असेल तर जस्ताच्या पत्र्यासाठीचा प्रायमर आधी लावा. साधा ऑइलपेंट नव्या पत्र्यावर धरत नाही, पापुद्रे सुटतात. ओला चुनाही लावू नका, तो जस्ताला खातो.

तेलाचा पंधरा किलोचा डबा या पंक्तीत बसत नाही. त्याला जस्ताचा नव्हे, कथिलाचा लेप असतो. ओल्या मातीत तो एक-दोन पावसाळ्यांत गंजून जातो. बी लावायला चालेल, कढीपत्त्याला नाही. फवारणीच्या औषधाचं पिंप तर कधीच नको. ज्या कोठीत धान्याच्या विषारी गोळ्या ठेवल्या होत्या, ती आधी धुऊन घ्या. आणि कोठीला वेल्डिंग करायला लावू नका: जळत्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने माणसाला थंडी वाजून ताप भरतो. त्याच कारणाने जस्ताच्या घमेल्यात शेकोटी पेटवू नये.

घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून आपण धान्य पेरतो, नऊ दिवसांत ते वितीएवढं होतं. भांड्यात पेरायचं आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको.

झेंडूला रोप लावल्यापासून फुलं यायला साधारण दोन-अडीच महिने लागतात. दसऱ्याच्या तोरणासाठी घरची फुलं हवी असतील, तर आषाढ सरायच्या आत कोठी कापून घ्या.