कल्पांचे उष्मांकमापन : नमुन्याची सिद्धता व अचूक ज्वलन

आयुर्वेद आहाराविषयीचे विनियम २०२२ मध्ये लागू झाल्यापासून, आहारकल्प तयार करणाऱ्या औषधिनिर्मात्यांचा पोषणमूल्यांच्या तक्त्याशी वारंवार संबंध येऊ लागला आहे. प्रयोगशाळेतून आलेला उष्मांकाचा आकडा आपण बहुधा निःशंकपणे स्वीकारतो. तथापि हा आकडा यंत्रापेक्षाही नमुना कसा सिद्ध केला यावर अधिक अवलंबून असतो. प्रमेही रुग्णाला पथ्य सांगणाऱ्या वैद्यानेही ही प्रक्रिया जाणून घेणे इष्ट होय.

यंत्राचे तत्त्व

बॉम्ब कॅलरीमीटर म्हणजे जाड पोलादी बंद पात्र. त्यातील लहान मुशीत सुमारे १ ग्रॅम नमुना ठेवून २५ ते ३० वातावरण दाबाने प्राणवायू भरतात. पात्र सुमारे २ लिटर पाण्यात बुडवून विजेच्या तारेने नमुना पेटवतात व पाण्याची तापमानवाढ मोजतात. ही वाढ साधारण २ ते ३ अंशांचीच असल्याने ०.०१ अंशाची चूकही निष्कर्षात सुमारे ०.४ टक्के फरक पाडते. म्हणून ज्याची ज्वलनउष्णता निश्चित ज्ञात आहे (ग्रॅममागे सुमारे ६.३२ किलोकॅलरी), असे शुद्ध बेन्झोइक आम्ल जाळून यंत्राचे प्रमाणीकरण आधी करावे लागते.

नमुन्याची सिद्धता

पहिला शत्रू आर्द्रता. समजा, एखाद्या शुष्क चूर्णाचे मूल्य ग्रॅममागे ४.० आहे, त्यात १० टक्के ओलावा असल्यास तेच ३.६ भरेल. म्हणून ओलावा स्वतंत्र मोजून मूल्य शुष्क की यथास्थित नमुन्याचे, हे अहवालात नमूद असावे. मधशर्करायुक्त अवलेह १०५ अंशांवर वाळवल्यास शर्करेचे विघटन होते. ते कमी दाबाखाली सुमारे ७० अंशांवर वाळवणे श्रेयस्कर. आसवारिष्टे आटवल्यास मद्यार्क उडून जातो. तो निराळा मोजावा.

सुटे चूर्ण प्राणवायूच्या झोताने मुशीबाहेर उडते. म्हणून ते एकजीव करून त्याची वटी दाबावी. मात्र अतिकठीण वटी पेटताना फुटून विखुरते. घृत व चिकट अवलेह जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरता येतात, पण कॅप्सूलची स्वतःची उष्णता वजा करावी.

ज्वलन

वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत घ्यावे. पात्रात १ मिलिलिटर पाणी घालून प्राणवायू सावकाश भरावा. ज्वलनानंतर मुशीत काजळी आढळल्यास तो प्रयोग रद्दच समजावा. राख राहणे मात्र स्वाभाविक आहे, कारण खनिजे जळत नाहीत. जळालेल्या तारेची व तयार झालेल्या नायट्रिक आम्लाची उष्णता वजा करावी. एका नमुन्याची किमान दोन ज्वलने करून ती परस्परांशी जुळतात का ते पाहावे.

दोन सावधगिरी अनिवार्य आहेत. घृततैलाचा लेप लागलेला हात प्राणवायूच्या नळीस किंवा झडपेस लावू नये; दाबाखालील प्राणवायूत स्निग्ध पदार्थ आपोआप पेटू शकतो. तसेच सोरायुक्त कल्प या यंत्रात जाळू नयेत. त्यांचा स्फोट संभवतो.

आकड्याचा अर्थ

यंत्रातील अग्नी आणि जाठराग्नी एक नव्हेत. यंत्र चूर्णातील काष्ठतंतूही पूर्ण जाळते. मनुष्याला त्यातून फारच अल्प शक्ती मिळते. प्रथिनांची यंत्रातील उष्णता ग्रॅममागे सुमारे ५.६५ किलोकॅलरी असते, शरीराला मात्र सुमारे ४ मिळते. म्हणून वेष्टनावरील मूल्य सामान्यतः प्रथिने ४, कर्बोदके ४ व स्नेह ९ या गुणकांनी काढतात. यंत्राचा आकडा जसाच्या तसा छापल्यास तंतुयुक्त चूर्णाचे मूल्य फुगलेले दिसेल.

म्हणून अहवाल हाती येताच निर्मात्यांनी चार प्रश्न विचारावेत : नमुना शुष्क होता की यथास्थित? ज्वलने किती केली? प्रमाणीकरण केव्हा झाले? मूल्य यंत्राचे की गुणकांनी काढलेले? समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत वेष्टन छापावयास देऊ नये, ही नम्र सूचना.