शिवोलीच्या घरात घडलेली ध्वनिफीत

रेमो फर्नांडिस हे नाव तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना परिचित असेल. १९८७ सालच्या ‘जलवा’ चित्रपटाचे शीर्षकगीत आणि १९९५ सालच्या ‘बॉम्बे’मधील ‘हम्मा हम्मा’ हे हिंदी गीत यांमुळे हा गोमंतकीय गायक देशभर पोहोचला. २००७ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. परंतु १९८४ साली त्यांनी काढलेल्या ‘गोवन क्रेझी’ या इंग्रजी गीतसंचाची ओळख गोव्याबाहेर फार थोड्यांना आहे. या नावात श्लेष आहे. वेड लागणे या अर्थी इंग्रजीत ‘गोइंग क्रेझी’ म्हणतात. त्यातील पहिल्या शब्दाच्या जागी ‘गोवन’, म्हणजे गोमंतकीय, हा शब्द योजिला आहे.

रॉक संगीताला सामान्यतः चारपाच जणांचा मेळ लागतो. कोणी विजेवरची गिटार वाजवितो, कोणी खर्जातील बास गिटार, कोणी ड्रम. त्यांवर गायकाचा आवाज चढतो. रेमो वास्तुशास्त्राचे पदवीधर. मुंबईतील शिक्षणाच्या काळात ते ‘सॅव्हेजेस’ या रॉक मेळात होते. ‘गोवन क्रेझी’ मात्र त्यांनी बार्देस तालुक्यातील शिवोली या आपल्या गावी, राहत्या घरात, एकट्याने ध्वनिमुद्रित केला. गीते त्यांची, चाली त्यांच्या, आवाज आणि वाद्येही त्यांचीच.

एकटा मनुष्य एकाच वेळी इतकी वाद्ये कशी वाजविणार? याचे उत्तर चार ट्रॅकच्या ध्वनिमुद्रण यंत्रात आहे. इंग्रजी अक्षर वळविण्याची तुमची चाररेघी वही डोळ्यांपुढे आणा. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. हे यंत्र तिच्यावर चार समांतर पट्ट्या आखते. पहिल्या पट्टीवर ताल नोंदवावयाचा. मग तो कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार वाजवावयाची, तिसरीवर बास, चौथीवर गाणे. शेवटी चारही पट्ट्या एकदम वाजवून त्यांचे लहानमोठेपण जुळवावयाचे.

चारांहून अधिक आवाज हवे असल्यास आधीच्या तीन पट्ट्या चौथीवर एकत्र उतरवून त्या तीन पुन्हा मोकळ्या कराव्या लागतात. परंतु एकदा मिसळलेले आवाज वेगळे करता येत नाहीत, आणि प्रत्येक उतरवणीसरशी फितीची खरखर वाढते. म्हणून कोणता आवाज आवश्यक आणि कोणता नुसता शोभेचा, याचा निर्णय आधीच करावा लागतो. साधनांची मर्यादा कलावंतास असा विवेक शिकविते.

फीत तयार झाल्यावरही श्रम संपले नाहीत. वेष्टनाचे चित्र रेमोंनी स्वतः काढले आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. पुढे ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५) आणि ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) हे संच निघाले. यांतील दुसरा अंमली पदार्थांविरुद्ध होता.

माझी मायबोली कोकणी असल्यामुळे मला या संचाविषयी आपुलकी वाटते, हे खरे. तथापि आपल्या सीमाभागातील मुलांना त्याची ओळख करून देण्याचे कारण निराळे आहे. आपण घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी बोलतो. आणि पुष्कळदा मनात धरून बसतो की कला मुंबई-बंगळूरच्या लोकांनीच करावी, आपण ती ऐकावी. वस्तुतः हुमनाबादेजवळील माणिकनगरच्या श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा भाषांत पदे रचिली, ती याच मातीत. शिवोलीसारख्या गावातून गोव्याची गाणी निघू शकतात, तर भालकी-आळंदच्या गावांतून आपली का निघू नयेत?

आज घरच्या मोबाईलमध्येही चारांहून अधिक पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करता येते. तेव्हा साधन नाही, ही सबब उरलेली नाही. येत्या सुटीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या, शेजारच्या कन्नड मावशींची सोबानेपदे आणि गावच्या भजनी मंडळाचा एखादा अभंग, त्यांची अनुमती घेऊन, नोंदवून आणा. शाळा उघडताच आपण ते वर्गात एकत्र बसून ऐकू.