विधानसभेतून लोकसभेत : नाशिकची वाट
लेखमाला : सत्तेच्या पायऱ्या, भाग ६

महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत आणि लोकसभेच्या ४८. म्हणजे एका खासदाराच्या हद्दीत सहा आमदार असतात. आमदारकीवरून खासदारकीकडे जाऊ पाहणाऱ्याला स्वतःचा मतदारसंघ सांभाळून आणखी पाच ठिकाणी मते मिळवावी लागतात. त्याचा स्वतःचा विधानसभा मतदारसंघ त्या हद्दीत येतो की नाही, यावरही बरेच काही अवलंबून असते. यशवंतराव चव्हाण, छगन भुजबळ आणि राजाभाऊ वाजे यांच्या कारकिर्दीतील नाशिकचा टप्पा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

आधी नियम. आमदाराला राजीनामा न देता लोकसभा लढवता येते. पराभव झाला तर आमदारकी शाबूत राहते. विजय झाला तर मात्र संविधानाच्या अनुच्छेद १०१ नुसार दोन्ही सभागृहांत राहता येत नाही. निवडीची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर खासदारकी जाते. केंद्रात थेट मंत्री झालेल्या नेत्याला अनुच्छेद ७५ लागू होतो : सहा महिन्यांत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचे सदस्यत्व मिळवले नाही, तर मंत्रिपद सोडावे लागते. पैशाचे गणितही बदलते. विधानसभेची अनामत रक्कम १० हजार रुपये आहे, तर लोकसभेची २५ हजार. २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात उमेदवाराची खर्चमर्यादा विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. मतदारसंघ सहापट मोठा होतो, खर्चमर्यादा अडीच पटीही वाढत नाही. त्यामुळे उरलेल्या पाच ठिकाणच्या तयार कार्यकर्त्यांवर आणि तिथल्या आमदारांवर भिस्त ठेवावी लागते.

यशवंतराव चव्हाणांना वरचे पद आधी मिळाले आणि मतदारसंघ नंतर. १९४६ मध्ये ते पहिल्यांदा मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. १९५६ मध्ये विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी त्यांच्यापुढे उभे होते नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे भाऊसाहेब हिरे. ती निवडणूक जिंकून चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. चीनच्या आक्रमणानंतर कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपदावरून पायउतार व्हावे लागले, तेव्हा नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले. नोव्हेंबर १९६२ मध्ये मारोतराव कन्नमवार यांच्याकडे राज्याची सूत्रे देऊन ते दिल्लीला गेले. लोकसभेची जागा त्यांना १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने दिली. कराडच्या या नेत्याचे नाशकात घरचे मतदार नव्हते; पण युद्धानंतरच्या त्या वातावरणात कोणी विरोधात राहिले नाही आणि ते बिनविरोध निवडून आले. मतांची बेरीज करण्याची वेळच आली नाही. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र त्यांनी आपल्या जिल्ह्यातील सातारा मतदारसंघ धरला आणि पुढे १९८० पर्यंत तिथूनच निवडून येत राहिले.

छगन भुजबळ २०१४ मध्ये नाशिकमधून उभे राहिले, तेव्हा परिस्थिती उलट होती. मुंबईचे महापौरपद, माझगावची आमदारकी, राज्याचे उपमुख्यमंत्रिपद आणि २००४ पासून येवल्याची आमदारकी अशी त्यांची कारकीर्द होती. त्या वेळी ते सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. अडचण नकाशात होती. २००८ च्या पुनर्रचनेनंतर येवला दिंडोरी लोकसभा मतदारसंघात गेला आणि दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. त्यामुळे त्यांना घरच्या हद्दीतून लढता येत नव्हते. नाशिक लोकसभेत येतात सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. यातल्या एकाही ठिकाणचे ते आमदार नव्हते. २००९ मध्ये त्यांचे पुतणे समीर भुजबळ इथून जिंकले होते, पण २०१४ च्या मोदी लाटेत शिवसेनेच्या हेमंत गोडसे यांनी भुजबळांना सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याने मात्र त्यांना पुन्हा विधानसभेवर पाठवले. घरचे मतदार दुरावले नव्हते. लोकसभेच्या वेळी ते हद्दीबाहेर होते.

२०२४ मध्ये भुजबळांचे नाव पुन्हा चर्चेत आले. महायुतीच्या जागावाटपात नाशिकची जागा कोणाला, हा घोळ लांबत गेला. अखेर १९ एप्रिलला भुजबळांनी स्पर्धेतून माघार घेतली आणि मे उजाडल्यावर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेने गोडसेंना तिकीट दिले. मतदान २० मे रोजी होते. प्रचाराला तीन आठवडेही मिळाले नाहीत.

समोर होते शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे राजाभाऊ वाजे. मंत्रिपद त्यांच्या गाठीशी नव्हते. २०१४ ते २०१९ ते सिन्नरचे आमदार होते आणि २०१९ मध्ये माणिकराव कोकाटे यांच्याकडून थोडक्यात हरले होते. पण सिन्नर नाशिक लोकसभेच्या हद्दीत आहे. वाजे सुमारे १ लाख ६२ हजार मतांनी जिंकले आणि त्यात एकट्या सिन्नर तालुक्याने त्यांना लाखाहून अधिक मताधिक्य दिले. तालुक्याचा माणूस खासदार होणार म्हटल्यावर विधानसभेला विरोधात गेलेली मतेही वळली.

म्हणूनच लोकसभेचे तिकीट वाटताना पक्ष दोन गोष्टी तपासतात : उमेदवार कोणत्या विधानसभा मतदारसंघातून मोठी आघाडी घेऊ शकतो आणि उरलेल्या पाच ठिकाणी तूट किती राहील. लाट असली किंवा चव्हाणांसारखी निवड बिनविरोध झाली, तर हा हिशेब बाजूला पडतो. एरवी राज्यातले पद कितीही मोठे असो, तो करावाच लागतो.

(पुढील भागात : विधान परिषदेची वाट)