रुग्ण बेशुद्ध असताना डॉक्टर तुम्हाला एवढे प्रश्न का विचारतात?

बेशुद्ध रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला विचारावे लागते. शेवटचे नीट कधी बोलले? इन्सुलिन घेऊन जेवण राहिले का? डोक्याला मार लागला, झटका आला? शेतातल्या फवारणीच्या औषधाची बाटली जवळ होती का? पोलिसांच्या भीतीने हे लपवू नका. उतारा द्यायला उशीर होतो.

दरम्यान श्वास, नाडी, रक्तदाब पाहून बोटातल्या थेंबभर रक्तावर साखर तपासतात. साखर घटली असेल, तर शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस बहुधा काही मिनिटांत बोलू लागतो.

केसपेपरवर 'जीसीएस' लिहिलेले दिसेल. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी मांडलेली ही मोजणी आहे: डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. सर्वांत कमी गुण ३, शून्य नसतोच. एका आकड्यापेक्षा तो वाढतोय की घटतोय, हे महत्त्वाचे.

राहुरी-श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: रात्री जमिनीवर झोपले होते का? मण्यार झोपेत चावली, तर खूण दिसेलच असे नाही. पोटात दुखते, पहाटे पापण्या जडावतात, मग सगळे स्नायू लुळे पडतात. गुण ३ वर येतात, पण माणसाला सगळे ऐकू येत असू शकते. उशाशी 'आता काही खरं नाही' असे बोलू नका. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला, तर असे रुग्ण चालत घरी जातात.

घरून निघताना १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा. मार लागला असेल, तर मान हलू देऊ नका. तोंडात पाणीसुद्धा घालू नका.